गाऱ्हाण्याचा नारळ

दसऱ्याला लोक जुनी भांडणं मिटवतात म्हणे. मी माझं भांडण दसऱ्याच्या आधी माळ्यावरून खाली काढते, चिंच लावून घासते आणि समईसारखं लख्ख करून ठेवते. वर्षभर ते वर पडून असतं, त्याचा मला काही त्रास नसतो. पण घट बसले, मुलुंडच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले आणि तो उग्र, थोडा कडवट वास पिशवीतून घरात आला, की मी पुन्हा तीच होते. सोसायटीत सगळे म्हणतात, परब मावशी किती हसतमुख. म्हणोत बापडे.

यंदा खाली पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांची रांगच लागली होती. हार घातलेल्या, कुंकू लावलेल्या, आवाज न करणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वाने नवीकोरी गाडी घेतली होती. ती हातात नारळ घेऊन माझ्याकडे आली.

"मावशी, तुम्ही ह्याच लाइनमधल्या ना? गाडीवर नारळ फोडला तर चालतो का? शोरूमवाला काही बोलला नाही."

"ह्या गाडीला चालेल. आता सगळं बंदिस्त असतं."

"मग फोडू?"

"गाडीला चालेल गं. मला नाही चालणार. तिकडे दगडावर फोड."

तिने दगडावर फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. तिला वाटलं असेल, म्हातारपणी माणसं चक्रम होतात. मी खोबरं चावत उभी राहिले. बाकीच्यांचे फोटो काढणं चाललं होतं आणि मी पत्र्याच्या छपराखालच्या त्या ऑक्टोबरमध्ये जाऊन पोचले होते.

ऐंशीच्या दशकातला ऑक्टोबर. विजेवर चालणारी गाडी म्हटलं की तेव्हा लोकांना चावीचं खेळणं आठवायचं. मुलुंडला आग्रा रोडवरून आत गेलं की आमचा कारखाना होता. त्या रस्त्याचं नाव केव्हाच बदललं होतं, पण आम्ही आग्रा रोडच म्हणायचो. तिथे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या बनायच्या. कारखान्यांत माल वाहायच्या, सांताक्रूझच्या विमानतळावर सामान ओढायच्या तसल्या. बसक्या, कुरूप, कामसू गाड्या. मग आमच्या शेठच्या डोक्यात आलं की रस्त्यावर पळणारी व्हॅन करायची. मालाडचे एक डेअरीवाले तयार झाले, पहाटे दूध पोचवायला त्यांना बिनआवाजाची गाडी हवी होती. त्या व्हॅनचं सगळं वायरिंग माझ्याकडे आलं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, अख्ख्या कारखान्यात इंजिनीअर म्हणवणारी एकटी बाई. घरी बाबा होते. त्यांची गिरणी बंद पडलेली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. म्हणजे माझं काम चांगलं असणं ही आमच्याकडे हौसेची गोष्ट नव्हती.

वायरिंग म्हटलं की लोकांना भिंतीवरची पट्टी आठवते. गाडीचं वायरिंग वेगळं. एका मोठ्या प्लायवूडवर गाडीचा नकाशा चिकटवायचा, वळणावळणांवर खिळे ठोकायचे आणि त्या खिळ्यांमधून एकेक तार ओढत न्यायची. बॅटरीकडून मोटरकडे जाणारी जाड केबल, दिव्यांच्या बारीक तारा, भोंग्याची, ब्रेकची, किल्लीची. लाल, काळी, पिवळी, निळी, करडी. मग सगळ्यांना मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारत एकत्र बांधायचं. फिलू त्याला वेणी म्हणायची. फिलू म्हणजे फिलोमिना, मरोळच्या गावठाणातली, माझ्यासोबत वायरिंगला होती. तिचे वडील अजून तिथे भाजीचा मळा करत होते. तारांच्या टोकांना थिंबल, म्हणजे तांब्याच्या टोप्या, दाबायचं काम तिचं. पकड दोन्ही हातांनी मिटायची, की थिंबल तारेला असं धरून बसायचं की ओढून तार तुटावी पण थिंबल सुटू नये. आम्ही प्रत्येक जोड ओढून बघायचो. बांधून झालेली वेणी खिळ्यांवरून उचलली की ती हातात जिवंत वाटायची. फिलू ती गळ्यात घालून मिरवायची. शंखजिऱ्याची पांढरी पूड आमच्या कोपरांपर्यंत लागलेली असायची, कारण ती लावल्याशिवाय तार नळीतून सरकत नाही.

त्या ऑक्टोबरचा उकाडा अजून माझ्या मानेवर आहे. पत्रा दुपारी तापायचा आणि आम्ही त्याखाली डाळीसारख्या शिजायचो. डाग द्यायच्या यंत्राजवळ राळेचा गोड धूर, बॅटरीच्या खोलीतून नाकाला झोंबणारा ॲसिडचा वास, दाराबाहेर उसाच्या चरकाची घुंगरं. घाम डोळ्यांत गेला की निळी आणि करडी तार सारखीच दिसायची, म्हणून फिलू प्रत्येक तारेचं नाव मोठ्याने म्हणायची आणि मी हो म्हणायचे. आमचं ते सुरात चालायचं. मी तेव्हा सुखी होते, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच पुढचं मी विसरत नाही.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. यंत्रं रॉकेलने पुसायची, पाने, हातोड्या, ड्रिल लाल कापडावर मांडायची, हळदकुंकू, फूल. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. फिलूने आपली पकड आणून मधोमध ठेवली.

"हिला पण लावा कुंकू," ती म्हणाली. "मी कॅथलिक आहे, ती थोडीच आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी निघायची होती. टिपणीस साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. उंच, गोरे, इस्त्रीचा सफारी, बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपण चुकूनच जन्माला आलो. सकाळी आल्या आल्या त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट करून घेतली. व्हॅनच्या पुढच्या भागात, बॉनेटखाली, माझी जोडपेटी होती. बॅटरीच्या जाड केबली तिथे येऊन वाटल्या जायच्या. तिच्यावर रबराची कडा असलेलं झाकण होतं. साहेब म्हणाले, झाकण काढा, पाहुण्यांना आतलं काम दिसू दे.

"साहेब, झाकण राहू द्या. त्यात चालू बॅटरी आहे."

"परब बाई, गाडीला काय बुरखा घालून आणायची आहे का?"

आजूबाजूचे हसले. मी झाकण काढलं. दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं असतं तर नीट निघालंही नसतं. आत माझ्या रंगीत तारा एका ओळीत बसलेल्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्या फार देखण्या दिसत होत्या.

शेठ आले, मालाडचे डेअरीवाले पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. आरती झाली. नारळ फोडायचा मान टिपणीस साहेबांनी स्वतःकडे घेतला. सगळी दुनिया गाडीच्या पुढे जमिनीवर फोडते. साहेबांना सोहळा करायचा होता. त्यांनी उघड्या बॉनेटच्या आत, पेटीला लागून असलेल्या लोखंडी अँगलवर नारळ आपटला. चांगला पाणीदार नारळ होता. पाणी उडालं ते थेट माझ्या पेटीत. मला दिसलं, फिलूला दिसलं, तिने माझं मनगट घट्ट धरलं. मी फडकं घेऊन पुढे धावले.

"काय करताय?" साहेब म्हणाले. "देवाचं तीर्थ आहे ते. शुभ कार्यात पुसापुशी नको."

"साहेब, आत गेलंय. बॅटरी जोडलेली आहे."

"अहो, पावसात चालायची आहे ना गाडी? चार थेंबांनी काय होतंय?"

पावसात चालायची होती, पण झाकण लावून चालायची होती. शिवाय पावसाचं पाणी वेगळं आणि नारळाचं वेगळं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात. माणसाला ते गार वाटतं, विजेला मात्र त्यातून जायला वाट मिळते. हे सगळं मी त्या फडक्यासकट उभी राहून सांगणार होते, तोवर किल्ली फिरली. गाडी निघाली. आवाज न करता, झेंडूचा हार हलवत, फाटकापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बॉनेटमधून आधी बारीकसा धूर आला, पांढरा, उदबत्तीसारखा. मग काळा.

घरातल्या विजेची ठिणगी पडते आणि विझते. ती वीज सेकंदाला अनेकदा शून्यावर येत असते, तिथे ठिणगीचा दम सुटतो. बॅटरीची वीज तशी नसते. ती शून्यावर येतच नाही. तिची ठिणगी दोन टोकांना एकदा चिकटली की धरून बसते, तांबं वितळेपर्यंत. कॉलेजात आम्हाला हे शिकवलं होतं, पण मला ते समजलं त्या दिवशी. वाळूच्या बादल्या ओतल्या. कुणाला इजा झाली नाही. गाडीचं तोंड तेवढं काळं झालं, आणि जळलेल्या पीव्हीसीचा वास झेंडूत मिसळला. तो वास ज्याने घेतला नाही त्याला झेंडू म्हणजे नुसतं फूल वाटतं. वाटू दे.

शेठ काही बोलायच्या आत साहेब बोलले. सगळ्यांसमोर, डेअरीवाल्यांसमोर, हातात अजून नारळाची अर्धी कवड होती.

"लूज कनेक्शन. मी म्हटलंच होतं. बायकांच्या हाताला जोर नसतो."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. फिलू बोलायला पुढे झाली, तर शेठने हाताने थांबवलं. मी त्या गाडीतला प्रत्येक जोड ओढून बघितला होता. हे माझ्या तोंडात आलं आणि तोंडातच राहिलं, कारण माझा आवाज रडका येणार हे मला कळत होतं, आणि रडक्या बाईचं वायरिंग कोण खरं मानणार.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव लूज कनेक्शन. कँटीनमध्ये, फाटकावर, पाण्याच्या टाकीजवळ. "आलं बघ लूज कनेक्शन." त्या शब्दाचा दुसरा अर्थ काय काढायचे ते मी इथे लिहीत नाही. एकट्या बाईवर तो किती सहज बसतो हे सांगायला नको. मला स्टोअरमध्ये बसवलं, तारा मापून कापून द्यायला. प्लायवूडचा माझा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला, खिळे आतल्या बाजूला. साहेब जाता-येता विचारायचे, "काय परब बाई, बरं आहे ना?" त्या बऱ्या असण्याच्या चौकशीसाठी मी त्यांना काहीही केलं असतं. मी रोज रात्री त्यांना एक नवी शिक्षा ठरवायचे. कधी बॅटरीच्या खोलीत कोंडायचे, कधी त्यांच्याच सफारीला झेंडूचा हार घालून फाटकापर्यंत पळवायचे. झोप छान लागायची त्याने.

बाबांना मी चार दिवस काही सांगितलं नाही. त्यांनीच ओळखलं. त्यांनी कोनाड्यातला नारळ काढला, शेंडी नीट केली.

"गावाक जातंय," ते म्हणाले. "देवाकडे गाऱ्हाणा घालतंय. नारळ ठेवतंय तुझ्या नावान. बघ मगे तो कसो सरळ होता."

आमच्या गावाकडे हे आहे. कुणी खोटं केलं, कुणाचं ओरबाडलं, की देवासमोर आख्खा नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. नारळ फोडायचा नाही. तो तसाच देवासमोर बसतो आणि देव त्या माणसाच्या मागे लागतो. लागतो म्हणजे सोडत नाही. असा ठेवलेला नारळ ऐकून गावातली मोठी मोठी माणसं रात्रीची उठून भांडण मिटवायला येतात.

"बाबा, नको," मी म्हटलं. "ज्या नारळाने माझी वाट लावली तोच परत कशाला?"

"नारळाचो काय दोष, चेडवा? फोडणाऱ्याचो हात बघ."

मी म्हटलं, देवाला एवढ्या लांब त्रास नको, माझं मी बघते. बाबांनी नारळ परत कोनाड्यात ठेवला, पण शेंडी माझ्या बाजूला करून. फोडणाऱ्याचो हात बघ. हे वाक्य घेऊन मी स्टोअरमध्ये तारा कापत बसले. कापता कापता मला कळलं की मला साहेबांची नोकरी नको, माफी नको, काही नको. मला फक्त एक हवंय. नारळाने गाडी जळली, हे त्यांनी चार माणसांदेखत, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं.

संधी त्यांनीच आणून दिली. डेअरीवाल्यांनी शेठला सांगितलं, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर दुसरी गाडी देत असाल तर बोला. बाहेरचा वायरमन आणून बघितला, त्याला बोर्डावरचे खिळेही कळले नाहीत. मग साहेब स्टोअरमध्ये आले. बसले नाहीत.

"तुम्हीच करा. पण ह्या वेळेला घट्ट. ड्रॉइंगवर सही माझी राहील."

"चालेल की," मी म्हटलं. फिलू शेजारी उभी होती, ती म्हणते माझा चेहरा तेव्हा नैवेद्याला बसलेल्या मांजरासारखा झाला होता.

ह्या दुसऱ्या गाडीत मी जोडपेटी पुढून काढली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली नेली. बंद झाकण, रबराची कडा, केबल आत शिरते तिथे घट्ट आवळलेले ग्लँड. वर बादली ओतली तरी आत थेंब जाणार नाही. तसं आम्ही करूनही बघितलं, फिलूने दोन बादल्या ओतल्या आणि तिसरी हौसेने. आणि बॉनेटखालची जुनी जागा? तिथे मी तशीच एक पेटी बसवली. रंग दिला, झाकण लावलं. आत काही नाही. ड्रॉइंगवर हे सगळं स्वच्छ काढलेलं होतं, पेटीवर रिकामी असं लिहिलेलंही होतं. साहेबांनी खाली सही केली आणि चहा मागवला. वर बघितलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं त्यांचं. आणि गाडीच्या बॉनेटमध्ये तर दसऱ्यापासून त्यांनी डोकं घातलंच नव्हतं.

ते दिवस मी कधी विसरणार नाही, आणि हे मी रागाने म्हणत नाही. ऑक्टोबर सरला होता, पहाटे येताना अंगावर शाल घ्यावीशी वाटायची. चाळीत भाजणीचा वास, कंदिलांना लावलेल्या खळीचा वास. सूड घेणाऱ्या माणसाला भूक फार लागते हे मला तेव्हा समजलं. मी आणि फिलू मशीनवर डबा उघडून चकल्या खायचो आणि तारांची नावं म्हणायचो. लाल. हो. काळी. हो.

पाडव्याला तीच माणसं, तोच शामियाना. डेअरीवाले ह्या वेळी गाडीपासून लांब उभे राहिले. आरती झाली. मी ताटातला नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी साहेबांसमोर धरला.

"साहेब, तुमच्याच हाताने. दसऱ्यासारखाच. तिथेच."

मी बॉनेट उघडलं आणि पेटीवरचं झाकण थोडं सैल करून बाजूला सरकवलं, आत दिसणार नाही एवढंच. साहेबांनी नारळ घेतला. अँगलकडे बघितलं. पेटीकडे बघितलं. नारळ असलेला हात वर गेला आणि वरच राहिला. मी त्या हाताकडे बघत होते. बाबांनी सांगितलं होतं ना.

"खाली... दगडावर फोडू," ते म्हणाले.

"का?" शेठने विचारलं. "त्या दिवशी तर इथेच फोडला होता."

"फोडा ना साहेब," फिलू म्हणाली, अगदी गोड आवाजात. "पाण्याने काय होतंय? लूज कनेक्शन असेल तरच जळेल ना."

कुणी हसलं नाही. चोराच्या मनात चांदणं, ते असं उघड्यावर पडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. साहेब वाकले आणि जमिनीवरच्या दगडावर नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटलाही नाही. मग मी पुढे झाले आणि पेटीचं झाकण पूर्ण काढलं. आत रंग दिलेला रिकामा पत्रा. शेठनी आत बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते फक्त एवढंच म्हणाले, "चला, गाडी काढा." गाडी निघाली ती मालाडपर्यंत गेली.

त्या दिवसानंतर लूज कनेक्शन कुणी म्हणालं नाही. माझा बोर्ड भिंतीवरून खाली आला. म्हणजे जिंकले मी. लोक इथे गोष्ट संपवतात. पण साहेबांनी ते वाक्य म्हटलं नाही. शेठनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, सगळं हळूच मिटवलं गेलं. आणि दोन महिन्यांनी फाटकाजवळ पाटी लागली: वाहनावर नारळ फोडू नये. खाली साहेबांचं नाव आणि हुद्दा. बाहेरचे लोक येऊन कौतुक करायचे, किती बारीक विचार केलाय. साहेब मान हलवून स्वीकारायचे. ती पाटी बघितली त्या दिवशी मला बाबांचा नारळ आठवला.

पुढच्या दसऱ्याला सकाळी मी साहेबांच्या टेबलावर एक आख्खा नारळ ठेवला. शेंडी त्यांच्याकडे. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ते निवृत्त झाले, बोरिवलीला राहायला गेले, तेव्हा मी पत्ता मिळवला आणि घरी नेऊन दिला. तेव्हापासून दरवर्षी. मुलुंडहून बोरिवली, मधे डोंगर आहे, वळसा घालून जावं लागतं, कधी दोन रिक्षा, कधी बस. गुडघे दुखतात. तरी जाते. टिपणीस वहिनी फार साध्या. त्यांना वाटतं जुन्या माणसांचा किती जीव असतो. "परब बाईंचा नारळ आल्याशिवाय आमचा दसरा नाही," असं त्या शेजाऱ्यांना सांगतात. त्या नारळाच्या वड्या करतात आणि साहेबांना खायला लावतात. साहेब खातात. नको कसं म्हणणार? मग कारण सांगावं लागेल.

फिलू आता वसईला असते. फोनवर ओरडते माझ्यावर. "सोड ना गं नलू. म्हातारा झाला तो. देव पण माफ करतो." मी म्हणते, देवाची वीज घरातली असेल, शून्यावर येते. माझी बॅटरीची आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी स्वतः मेणाच्या दोऱ्याने बांधलेला आहे. कधी कधी मलाही वाटतं की हे काय चालवलंय. एका माणसाच्या एका वाक्यासाठी आपण एवढी वर्षं डोंगराला वळसा घालतो. मग झेंडू येतो बाजारात आणि तो प्रश्न बंद होतो.

एक गोष्ट फिलूलाही सांगितलेली नाही. बोरिवलीला जाताना मी पर्समध्ये आपट्याची पानं नेते. एक वहिनींना द्यायला. आणि एक जास्तीचं. साहेबांनी ते वाक्य म्हटलं तर त्यांच्या हातावर सोनं ठेवायचं आणि संपवायचं, असं ठरवून नेते. दरवर्षी ते पान माझ्यासोबत परत येतं.

यंदाही गेले. साहेब आता खुर्चीतून फारसे उठत नाहीत. सफारीच्या जागी बंडी असते. मी नारळ त्यांच्यासमोरच्या टीपॉयवर ठेवला, शेंडी त्यांच्याकडे. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. साहेबांनी नारळाकडे बघितलं. मग खाली वाकून, मला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"नारळानेच जळली होती."

खोटं का बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पर्सची चेन उघडली. मग आतून कपबश्यांचा आवाज आला आणि माझा हात थांबला. मला बॉनेटवर वर राहिलेला तो हात आठवला. चार माणसांसमोर बोलले होते ते, बायकांच्या हाताला जोर नसतो म्हणून.

"मोठ्याने बोला, साहेब," मी म्हटलं. "वहिनी आत आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. ओठ हलले. वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"काय म्हणत होता हो यांना?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "चहात साखर कमी घाल म्हणत होतो."

मी चहा प्यायले. चांगला झाला होता. निघताना वहिनींच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, त्यांनी मला वाकून नमस्कार करू दिला नाही, गळ्यात पडल्या. साहेबांनीही हात पुढे केला होता, तळवा वर करून. मी पर्सची चेन लावली, चपला घातल्या आणि वहिनींना म्हटलं, पुढच्या दसऱ्याला येते, नारळ घेऊन.